बोटीवर अंथरलेलं कापड

बुद्धभूषणचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावत होते. तो आमचाच जुना विद्यार्थी. आता अंबडला इतिहास शिकवतो. एकाहत्तरच्या लढाईत नद्यांमधून लढलेल्या लहान बोटींवर त्याचं काम चालू आहे आणि त्यासाठी नुकताच बांगलादेशात जाऊन आला होता.

"ताई, आबांच्या बोटीवरचा एक माणूस सापडला," तो म्हणाला. "जिवंत. स्वयंपाकी होता. खुलन्याजवळ एका खेड्यात राहतो. त्यानं कापड पाहिलंय."

"अंथरलेलं?"

"अंथरलेलं. कॅमेऱ्यासमोर बोललाय."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. हातातलं पुस्तक कुठल्या कपाटातलं हे मला काही केल्या आठवेना. मग लक्षात आलं की मी आबांना फोन लावायच्या बेतात होते. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्यांचा नंबर अजून माझ्या मोबाईलमध्ये सगळ्यात वर आहे.

आबा, म्हणजे माझे वडील मच्छिंद्र, वडीगोद्रीचे. आमच्या गावाला समुद्र माहीत नाही. त्यांच्या शेजारच्या घरातला नजीर त्यांच्याच वयाचा. कुठूनतरी भरतीची बातमी त्यानं आणली आणि समुद्र कसा असतो ते तरी बघून येऊ म्हणत दोघं मिसरूड फुटायच्या वयात घरून निघाले. नजीर इंजिनावर लागला. आबांकडे खुणांचं काम आलं, म्हणजे दिवे, झेंडे, संदेश. लढाई सुरू झाली तेव्हा दोघांना 'चित्रा' नावाच्या बोटीवर पाठवलं. ती बोट आपली नव्हती, आपल्या बाजूनं लढणाऱ्या बंगाल्यांची होती. प्रवासी लाँचवर तोफ बसवून केलेली. माणसंही बहुतेक बंगालीच, आपली मोजकी. आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून बोटीच्या छतावर पिवळं कापड अंथरायचा हुकूम होता. ते काम आबांचं.

चित्रा खुलन्याच्या दिशेनं नदीतून जात असताना दुपारी दोन विमानं आली. विमानं आपलीच होती. त्यांनी चित्रा बुडवली. नजीर खाली इंजिनापाशी होता, तो वर आला नाही. आबा पोहत काठाला लागले.

पुढे चौकशी झाली. विमानवाले म्हणाले, छतावर पिवळं काही नव्हतं. बोटीवरचे जे वाचले होते ते म्हणाले, होतं. बोटीवरचे थोडे आणि जखमी, त्यांचं बोलणं कुणी फारसं धरलं नाही. प्रकरण तसंच राहिलं. गावात मात्र ते तसं राहिलं नाही. गावानं त्याचं एक वाक्य केलं की मच्छिंद्रनं कापड टाकलं नाही आणि नजीर गेला. आबांचं हमरस्त्याला पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. मी लहान असताना समोरच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी हमखास ओरडायचं, "मच्छिंद्रराव, दुकानावर कापड टाकलं का? विमान चाललंय वरून." आबा मान वर न करता तार गुंडाळत राहायचे.

गावाचं त्यांनी सोडून दिलं होतं. एका माणसाचं सोडता आलं नाही. नजीरची मोठी बहीण अकबरबी जुन्या जालन्यात दिलेली. आबा तिला आपा म्हणत, मी फुफी. दर डिसेंबरात आबा तिच्याकडे जायचे. बऱ्याचदा मला सोबत न्यायचे. जिना चढून वर गेलं की ती चटई टाकायची, चहा ठेवायची आणि आबा बोलायला लागायचे. कापडाची लांबी किती होती, कुठल्या कोपऱ्याला कुठली दोरी बांधली होती, वारा कुठून होता. ती ऐकून घ्यायची. संपलं की म्हणायची, "चहा पी, मच्छिंद्र. थंडा हो रहा." होतं म्हणाली नाही, नव्हतंही म्हणाली नाही. परतीच्या एसटीत आबा खिडकीकडे तोंड करून बसत.

दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांचं बोलणं तुटक झालं होतं. एका सकाळी मी त्यांना दाढी करून देत होते, तेव्हा ते स्वच्छ म्हणाले, "आपाला पटायला पाहिजे होतं." मी म्हणाले, पटेल. हातात वस्तरा होता म्हणून जास्त बोलले नाही.

तर मला एवढंच हवं होतं. अकबरबी फुफीनं एकदा म्हणावं की कापड होतं.

बुद्धभूषण लॅपटॉप घेऊन घरी आला. पडद्यावर पत्र्याच्या घराचा ओटा, मागे केळी, आणि बाजेवर बसलेला एक किरकोळ म्हातारा. नाव मोतालेब. दात थोडेच राहिले होते पण आवाज खणखणीत होता. तो बंगालीत बोलत होता आणि खाली बुद्धभूषणनं मराठी ओळी टाकल्या होत्या.

"कापड मी कसा विसरीन?" मोतालेब म्हणत होता. "माझ्या पातेल्यात रंगवलं त्या पोरांनी. हुकूम आला पिवळं कापड लावा. बोटीवर पिवळं कापड कुठलं? गादीवरच्या पांढऱ्या चादरी होत्या. तर मच्छिंद्र माझ्याकडे आला, म्हणाला, हळद दे. मी म्हणालो, किती? म्हणाला, सगळी. माझा डबा रिकामा केला. मोठं पातेलं, खाली जाळ, आणि तो आणि नजीर दोघं बाह्या वर करून चादरी बुचकळत बसले. कोपरापर्यंत पिवळे. नजीरला सगळे चिडवायला लागले, याचं लग्न लागलं म्हणून. मच्छिंद्रनं ओंजळभर पिवळं पाणी त्याच्या तोंडाला फासलं. मग नजीरनं त्याला. नुसते खिदळत होते. पोरंच ती. आणि आम्ही पुढं रोज बिनहळदीची मासळी खाल्ली. कप्तान म्हणाला, मोतालेब, हे जेवण आहे की आजाऱ्याची पेज?"

मी हसले. आबा खिदळत होते हे वाक्य वाचून मला पडद्याजवळ सरकावंसं वाटलं, जणू म्हाताऱ्याच्या खांद्यामागं ते कुठंतरी दिसतील.

पडद्याबाहेरून बुद्धभूषणचा आवाज आला. त्यानं विचारलं होतं, ते कापड सतत छतावर होतं का?

मोतालेब सरसावून बसला. "सतत. एकदाही काढलं नाही. दिवसा उन्हात, रात्री दवात, तसंच. विमान कधी येईल सांगता येतं का? सगळ्या वाटेत काढलं नाही. विमानं आली तेव्हाही होतं. अल्लाची शपथ, होतं."

बुद्धभूषणनं चित्र थांबवलं. त्याचा चेहरा उजळला होता. "ताई, हे शेवटचं फार मोलाचं आहे. आजवर असं म्हणत आलेत की कापड असलं तरी त्या दिवशी काढून ठेवलं असेल. हा माणूस शपथेवर सांगतो, एकदाही काढलं नाही. एकदाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होता.

हळदीनं पिवळी झालेली चादर उन्हात ठेवली तर तिचं काय होतं, हे कुठल्याही घरात माहीत असतं. वरणाचा डाग पडलेलं पोरांचं कापड आपण उन्हात टाकतो ते त्याच्यासाठीच. उन्हात, दवात, पुन्हा उन्हात. बोटीवरच्या लोकांना रोज बघून बघून ते पिवळंच वाटत राहिलं असेल. ज्यानं रंगवलं त्याला तर नक्कीच. वरून पाहणाऱ्याला मात्र पांढऱ्या चादरी दिसल्या असतील. कापड होतं, आणि पिवळं काही नव्हतं. दोघंही खरं बोलत होते.

"चहा टाकते," मी म्हणाले.

त्यानं जाताना माझ्या मोबाईलवर दोन तुकडे पाठवले. एक सगळा, आणि एक कापून लहान केलेला, ज्यात फक्त शेवटची शपथ होती. "या कामावर मी कॉलेजात बोलणार आहे, त्या कार्यक्रमात लहानच दाखवू," तो म्हणाला. "हळदीबिळदीचं गमतीचं आहे, त्याची गरज नाही. तुम्ही सांगाल ते कायम."

रविवारी मी वडीगोद्रीला आईकडे गेले. आई, तुळजाबाई, ओसरीवर तुरी पाखडत बसली होती. तिला मी सगळा तुकडा दाखवला आणि खालच्या ओळी मोठ्यानं वाचत गेले.

"हा कोण बुवा?"

"आबांच्या बोटीवर स्वयंपाक करायचा."

"लई बोलतो." तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "हळद म्हंजे खायाची?"

"हो."

"अन् ती उन्हात टाकल्ती."

"हो."

"मंग काय राहती ती."

सुपातले खडे तिनं वेचले, अंगणात टाकले. हमरस्त्यावरून ट्रक जात होते. मी विचारलं, "आबांना माहीत होतं का गं?"

तिनं सुपातली तूर बोटांनी सारखी केली. तिचं उत्तर तयार होतं, ते सांगावं की नाही हे ती ठरवत होती.

"तुझ्या हळदीला तू पांढरं पातळ नेसल्ती," ती म्हणाली. "पार भरलं होतं हळदीनं. लग्नाच्या दुसऱ्या दिशी मी ते पिळून तारेवर टाकलं अन् आवराआवरीत इसरले. मे महिन्याचं ऊन. दोन दिवस तसंच राह्यलं. पाहुणे गेल्यावर तुझे आबा अंगणात खुर्ची टाकून बसल्ते, त्या पातळाकडं बघत. मी म्हणलं, काय बघून राह्यले? तर म्हणले, तुळजा, ह्याचा रंग कुठं गेला. मी म्हणलं, उन्हानं खाल्ला. हळद कुठं टिकती उन्हात." ती थांबली. "मला काय ठाव? मी आपलं बोलून गेले. त्या दिशी जेवले न्हाईत. सकाळच्या पहिल्या एसटीनं जालन्याला गेले. मला वाटलं लेक गेली, जीव लागंना."

मला एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा जाणवली. मी लहान असताना आबा अकबरबी फुफीकडे बोलायचे ते 'पिवळंजर्द कापड' असं. तो शब्द उच्चारताना त्यांचा हात हवेत पसरायचा. माझ्या लग्नानंतरच्या वर्षांत ते फक्त कापड म्हणत. कापड होतं. मला वाटायचं, वय झालं की माणूस थोडक्यात सांगायला लागतो.

"आपाला ते बारकंच दाखव," आई म्हणाली. "कापून दिलेलं."

"आणि हे?"

"हे तू अन् मी बघितलं. बास झालं. त्या माणसाचा सगळा जलम गेला त्याच्यात. आता गेल्यावर कशाला उघडं पाडायचं?"

मी मोबाईल पिशवीत टाकला. मला तिचं पटलं होतं.

जुन्या जालन्यातली ती गल्ली आता दुचाकींनी इतकी भरलेली असते की रिक्षा कोपऱ्यावरच सोडावी लागते. खाली अकबरबी फुफीच्या मुलाचं, इजहारचं, कापडाचं दुकान. तो गिऱ्हाइकाला ताग्यावरून कापड मापून देत होता, त्यानं मानेनंच वर जा म्हणून सांगितलं. फुफी खिडकीशी बसली होती. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण डोळ्यांतली धार तीच.

"आली लायब्ररीवाली," ती म्हणाली. "वाळली ना गं तू. पुस्तकं खाती का नुसती?"

"तुम्ही कशा आहात, फुफी?"

"मला काय झालंय? जिना उतरू देत न्हाईत, म्हणून वरच बादशाही चालू आहे. तुळजा कशी आहे?"

मी आईचं सांगितलं. मग मोबाईल काढला आणि कोण माणूस आहे, काय काम करायचा, ते सांगून लहान तुकडा लावला. मोतालेब बंगालीत शपथ घेत होता आणि मी खालची ओळ मराठीत वाचली. विमानं आली तेव्हाही होतं. एकदाही काढलं नाही.

फुफीनं ऐकलं. तिचा हात गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे होतं," ती म्हणाली.

"होतं, फुफी."

"मच्छिंद्र खरं बोलत होता."

हेच ते वाक्य. ते ऐकायला आबा किती वेळा हा जिना चढले होते. मला वाटलं होतं की ते ऐकल्यावर माझ्या आत काहीतरी निवेल. मी आबांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, ते हे ऐकताना कसे दिसले असते, आणि मला फक्त त्यांची एसटीतली पाठ आठवली.

फुफी अजून मोबाईलकडे बघत होती. पडदा काळा झाला होता.

"हा माणूस," ती म्हणाली, "नजीरला ओळखत होता का?"

"ओळखत होता."

"काय बोलला त्याचं?"

मी मोबाईल हातात फिरवत राहिले.

"काहीच न्हाई बोलला? बोटीवर राह्यला ना हा त्याच्यासंगं. त्याच्या हातचं खाल्लं असंल नजीरनं. काहीतरी बोलला असंल की." तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या वयाच्या बाईनं माझ्याकडे असं मागितल्यासारखं पाहावं याची मला सवय नव्हती. "मच्छिंद्र यायचा. पण तो कापडाचंच बोलायचा. मी म्हणायची आता बोलंल, मंग बोलंल. नजीर तिथं काय खात होता, कुणाशी भांडला, माझी याद काढायचा का. कापड संपायचं अन् तो उठायचा. मी कसं विचारू? त्याचं तोंड बघून मला विचारवायचं न्हाई."

एवढी वर्षं मला वाटत होतं की ती त्यांना शिक्षा म्हणून गप्प राहते.

खोटं सांगणं सोपं होतं. सांगता आलं असतं की तो नजीरबद्दल चांगलं बोलला, भला मुलगा होता म्हणाला. आईला शब्द दिला नव्हता, पण तिचं 'बास झालं' माझ्या कानात होतं. आणि आबांना हवं होतं ते तर नुकतंच मिळालेलं होतं. ते तसंच ठेवून मी जिना उतरू शकले असते.

"बोललाय, फुफी," मी म्हणाले. "पण ते ऐकायचं तर सगळं ऐकावं लागेल."

मी मोठा तुकडा लावला. एकेका वाक्याला थांबवत मराठीत वाचलं. पांढऱ्या चादरी, हळदीचा डबा, पातेलं. कोपरापर्यंत पिवळे हात. नजीरला चिडवणं. ओंजळभर पिवळं पाणी. बिनहळदीची मासळी आली तेव्हा फुफी हसली, तोंडावर ओढणी धरून. मग उन्हादवाचं, तेही मी आवाज न बदलता वाचलं.

"थांब," ती म्हणाली. "मागं ने. हातावालं लाव."

मी मागे नेलं. पुन्हा वाचलं.

"कोपरापर्यंत?"

"कोपरापर्यंत म्हणतो तो."

"अन् तोंडाला?"

"तोंडाला आबांनी फासलं."

तिनं स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "मंगनी झाल्ती त्याची," ती म्हणाली. "सुट्टीत आला की निकाह होता. मी वडीगोद्रीला जाऊन हळद कुटून ठेवल्ती. पहिली मीच लावणार होते. अम्मी म्हणायची, कोरा गेला गं माझा पोरगा, अंगाला हळद न्हाई लागली. मरेपर्यंत तेच बोलत गेली."

खालून दुकानातला पंखा ऐकू येत होता. तिला काय कळलं आणि काय नाही, याचा मला अंदाज येत नव्हता. अर्धं ठेवून जाणं आता शक्य नव्हतं.

"फुफी, ते कापड हळदीचं होतं. आणि सगळ्या वाटेत उन्हात होतं."

"मला काय सांगती? हळद काय मी आज बघून राह्यले?" ती ओढणी सारखी करत म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वरून पांढरं दिसलं असंल."

"असेल."

"मच्छिंद्रला ठाव होतं?"

"तेव्हा नाही. माझ्या लग्नानंतर कळलं."

"तुझी शादी उन्हाळ्यात झाल्ती ना?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आल्ता तो. अवेळी आल्ता. मी म्हणलं, डिसेंबर न्हाई, काही न्हाई, आज कसा? शादी कैसी हुई विचारलं. अच्छी हुई म्हणला. इथंच बसला, तू बसलीस तिथं. कापडाचं बोललाच न्हाई त्या दिशी. हाताचे पंजे उघडून बघत बसला. मी म्हणलं, लेक गेल्यावर बापाचं असंच होतं, म्हणून मीबी गप्प राह्यले. लई वेळ बसला. जाताना म्हणला, आपा, येतो. मी म्हणलं, ये."

मी बसले होते त्या चटईकडे पाहिलं. आबा इथं सांगायला आले होते. सांगितलं नाही. त्यानंतरही दर डिसेंबरात आले आणि एक शब्द कमी करून तेच सांगत राहिले. मी त्यांच्याशेजारी बसून ऐकत होते.

"मी काय म्हणले असते त्याला?" फुफी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "दोघं घरून गेले तवा दोघांना मिशीसुद्धा न्हवती. पोरगं ते. आई न्हाई, बहीण न्हाई संगं, हळद उन्हात टाकू नको म्हणून कोण सांगणार? मी त्याला फाशी देणार होते का? एवढ्या सालांत कापड कापड केलं, अन् हे एक न्हाई सांगितलं, की दोघं हाताला हळद लावून हसत होते. एवढं सांगितलं असतं तर..." ते तिनं पूर्ण केलं नाही. "पागल," ती म्हणाली. "दोघंबी पागल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं. तिनं ते पाहिलं.

काही वेळानं तिनं विचारलं, "हा माणूस जिवंत आहे ना?"

"आहे."

"त्याला फोन आहे?"

"त्याच्या नातवाकडे आहे. बुद्धभूषणला सांगितलं तर तुमचा आवाज तिकडे पोचवील. बोला, मी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेते."

ती सावरून बसली. डोक्यावरून ओढणी नीट घेतली, जणू तो माणूस जिना चढून वर आला होता. मी मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरला आणि मान हलवली.

"भाईसाब, सलाम," ती म्हणाली. "मैं नजीर की बड़ी बहेन, जालने से बोल रई. आप अच्छे हैं ना? खाना-पीना बराबर है?" ती क्षणभर थांबली. "हमारे दोनों बच्चों ने आपकी हल्दी पूरी खतम कर दी, और आप लोगों को फीका खाना पड़ा. उनकी तरफ से मैं माफी माँगती. छोटे थे." पुन्हा थांबली. "एक बात पूछनी थी. हमारा नजीर मूँछ रखा था क्या? यहाँ से गया तब नहीं थी."

तिनं हातानं खूण केली की झालं. मी रेकॉर्डिंग थांबवायला बोट नेलं तर तिनं माझं मनगट धरलं.

"तुला न्हाई काही विचारायचं?"

मला बुद्धभूषणला पुष्कळ सांगायचं होतं. लहान तुकडा दाखवू नकोस, सगळा दाखव, आणि हळदीचं काय होतं ते मी स्वतः उभं राहून सांगेन. पण ते त्याला भेटून सांगायचं होतं. मोतालेबला विचारायचं वेगळं होतं. मोबाईलवर सेकंद पुढे जात होते. मी माझं नाव सांगितलं, मच्छिंद्रची मुलगी म्हणून सांगितलं. हिंदीतच विचारलं, बोटीवर आबा हसायचे तेव्हा आवाज यायचा का. घरात ते नुसते ओठांनी हसत, आम्ही कधी आवाज ऐकला नाही.

मी मोबाईल खाली ठेवला.

"यायचा," फुफी म्हणाली. "वडीगोद्रीला हे दोघं विहिरीवर हसले की घरात ऐकू यायचं." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "पण राहू दे. त्यालाबी विचार."